एकाने तोडायचं, दुसऱ्याने उचलायचं



आजचं वाचन: तैत्तिरीय उपनिषद, भृगुवल्ली, सातवा अनुवाक. क्रमाने तो कालच यायला हवा होता. काल लिहायला बसलो, चार ओळी लिहिल्या, खोडल्या आणि लॅपटॉप मिटून टाकला. का, ते पुढे कळेल.

अनुवाक छोटासा आहे. सुरुवातीलाच एक व्रत सांगितलंय, की अन्नाची निंदा करायची नाही. मी हा भाग याआधी दोनदा वाचलाय. दोन्ही वेळा 'पानात टाकू नये, भाजीला नावं ठेवू नयेत' असा आजीच्या तोंडचा अर्थ घेतला आणि पुढे सरकलो. या वेळी सरकता आलं नाही.

जे नव्याने वाचतायत त्यांच्यासाठी आधीची गोष्ट थोडक्यात. भृगु हा वरुणाचा मुलगा. तो वडिलांकडे जातो आणि म्हणतो, मला ब्रह्म शिकवा. वरुण एक खूण सांगतो: हे सगळे जीव ज्यातून जन्मतात, ज्याच्यावर जगतात आणि शेवटी ज्यात परत जातात, ते शोध, तप कर. भृगु तप करतो आणि त्याला कळतं की अन्न हेच ब्रह्म. तो परत येतो. वडील पुन्हा म्हणतात, तप कर. मग प्राण. परत तेच, तप कर. मग मन, मग विज्ञान, आणि शेवटी आनंद. गंमत अशी की वरुण एकदाही 'चुकलास' म्हणत नाही. मी कोड रिव्ह्यू करतो तेव्हा ज्युनियरच्या वीस ओळींवर तीस कमेंट टाकतो, त्यामुळे मला वरुणाबद्दल फार आदर आहे.

आणखी एक. आनंदापर्यंत पोचल्यावर उपनिषद संपायला हवं ना? संपत नाही. ते लगेच परत अन्नावर येतं. निंदा करू नको, नाकारू नको, भरपूर पिकव, राहायला आलेल्याला परत पाठवू नको. सगळ्यात वरच्या मजल्यावरून थेट स्वयंपाकघरात.

आता माझी गोष्ट.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, मिठागर रोडच्या बाजूला. आई, बाबा, मी, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. बाबा ७२ वर्षांचे. भांडुपला एलबीएस मार्गावर एका कारखान्यात फिटर होते. कारखाना केव्हाच बंद झाला, आता तिथे टॉवर आहेत. नोकरी सुटल्यापासून घरातलं वाणसामान आणि भाजी हे त्यांचं खातं. शनिवारी वाण्याकडे मोठी खरेदी आणि एक दिवसाआड भाजी. दाराच्या मागे खिळ्याला दोन कापडी पिशव्या आणि खिशात छोटी डायरी. डायरीत मागच्या वेळचा भाव लिहिलेला असायचा, म्हणजे वाण्याला विचारता येतं, "का रे, दहा रुपयांनी का वाढली?"

या मे महिन्यात बाजारातून येताना त्यांना भोवळ आली. भाजीवालीने क्रेट पालथा घालून त्यावर बसवलं, पाणी दिलं आणि रिक्षात घालून घरी पाठवलं. मी ऑफिसमधून धावत आलो. त्याच रात्री घरातली सगळी यादी मी ॲपवर चढवली. तांदूळ, डाळ, तेल, कांदे, सगळं. दहा मिनिटांत दारात. स्टँडअप कॉल चालू असताना टेबलाखाली फोन धरून मी कोथिंबीर मागवायचो आणि मनात म्हणायचो, ही पण सेवाच.

पहिले काही आठवडे बाबा पिशवी घ्यायचे, ओट्यावर एकेक जिन्नस मांडून बघायचे. "डाळ जुनी दिसतेय." "कोथिंबीर म्हणजे नुसत्या काड्या." मी म्हणायचो, "फोटो काढा बाबा, रिफंड मिळतो." रिफंड मिळायचाही. जुलैपर्यंत त्यांनी बघणं सोडून दिलं. पिशवी आली की ते खुर्चीतूनच आईला हाक मारायचे.

सप्टेंबरमध्ये रिपोर्ट आला. एचबीएवनसी फेब्रुवारीत ७.१ होतं, आता ८.२. ही तपासणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, म्हणजे 'काल लग्नाला गेलो होतो' हे कारण चालत नाही. आणि मी इंजिनियर. काही बिघडलं की पहिले लॉग बघायचे. बाबांचं आणि माझं खातं जॉइंट आहे, त्यांनी केलेल्या प्रत्येक पेमेंटचा मेसेज मला येतो. शोधलं. ऑगस्टमध्ये चार वेळा वीस-वीस रुपये, एकाच नावाला. स्टेशनजवळची वडापावची गाडी.

रात्री जेवताना सगळ्यांसमोर मी ते वाचून दाखवलं. तारखांसकट, वेळेसकट. आणि म्हणालो, "बाबा, विष आहे तुमच्यासाठी ते, विष."

मुलीने वर बघितलं. "आजोबा, तुम्ही विष खाल्लं?"

कोणी काही बोललं नाही. बाबांनी हातातला भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, हळूहळू खाल्ला आणि म्हणाले, "नाही खाणार आता."

पुढचे पंधरा दिवस एकही मेसेज आला नाही. मला वाटलं, बग फिक्स झाला. मग एकदा मशीन लावताना त्यांच्या शर्टाच्या खिशात तेलकट कागदाची घडी सापडली, तिला लसणाची लाल चटणी लागलेली. म्हणजे आता रोखीने. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "मला माहितीये." आणि कागद माझ्या हातातून घेऊन टाकून दिला. कंडक्टरने चुकून जास्त दिलेली आठ आण्यांची नाणी परत करायला दोन स्टॉप मागे चालत गेलेला हा माणूस. त्याला मी बहात्तराव्या वर्षी लपवाछपवी शिकवली होती.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. मी वडापावचं सांगितलं, बाबांच्या देखतच. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि बाबांना विचारलं, "काका, चालणं बंद झालंय का?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे बघितलं.

परत येताना रिक्षात मी हिशेब केला. आठवड्याला चार फेऱ्या बाजाराच्या. प्रत्येक फेरी तासाभराची, येताना हातात ओझं. तेच तर त्यांचं चालणं होतं, आणि ते मी मे महिन्यात बंद केलं होतं. ऑगस्टमध्ये चार वडापाव दिसले कारण त्यांचा मेसेज येतो. न चाललेल्या पायांचा मेसेज कोणाला येत नाही. डॉक्टरांनी वडापावला क्लीन चिट दिली असं नाही. बटाटा, मैदा, तळण, त्यात चांगलं काय सांगणार? ते म्हणाले, रोज नको, कधीतरी अर्धा, त्या दिवशी रात्री भाकरी कमी करा. पण बाजार का सोडलात? मे महिन्यातली भोवळ आली होती ती सकाळी गोळी घेऊन, काही न खाता उन्हात निघाल्यामुळे. म्हणजे मी चुकीच्या गोष्टीचा बंदोबस्त केला आणि त्यातून जे बिघडलं त्याचा दोष वीस रुपयांच्या वडापाववर टाकला.

अन्नाची निंदा करायची नाही. सातवा अनुवाक. काल लॅपटॉप मिटला तो इथे.

तुमच्यातले काही जण म्हणतील, अरे पण गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितलेत, आणि फार तिखट, खारट, जळजळीत ते राजस. वडापाव कुठे बसतो ते उघड आहे. मान्य. पण त्याच ठिकाणी शिळ्या, रस गेलेल्या अन्नाला तामस म्हटलंय, आणि मी ॲपवरून बाबांसाठी मागवायचो ती 'डायबेटिक' बिस्किटं कोणत्या महिन्यात भाजली होती देव जाणे. तेव्हा ही यादी दुसऱ्याच्या ताटावर चालवायला घेतली की माणूस आपल्या सोयीचा श्लोक उचलतो. शिवाय आपलं 'सात्त्विक' पण मजेशीर आहे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळे अमेरिका खंडातून आलेले. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दसुद्धा पोर्तुगीजांचे. वरुणाच्या आश्रमात यातलं काहीच नव्हतं. उपनिषदाने निंदा करू नको म्हणताना कुठली यादी जोडलेली नाही, हे मला बरं वाटतं.

तर ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मी बाबांना म्हणालो, "चला, वाण्याकडे जाऊ." त्यांनी विचारलं, "ॲप बंद पडलं का?" म्हटलं, "नाही, मला यायचंय." त्यांनी पिशव्या काढल्या, झटकल्या. आईने समोर उभं राहून त्यांना पोहे खायला लावले, मग गोळी, मग चपला.

नवघर रोडला आमचा वाणी कच्छी आहे, त्याच्या वडिलांपासूनचं दुकान. बाबांना बघून तो गल्ल्यावरून उठला. "काका! किती महिने! मला वाटलं गावाला गेले." बाबा म्हणाले, "हा आणतो हल्ली, फोनवरून." कुठलाही टोमणा नव्हता त्यात. त्यामुळेच जास्त लागलं.

मग मी बघत राहिलो. तूरडाळीचे दोन दाणे घेऊन त्यांनी दाताखाली चावले. कट्कन तुटला तो ठेवला, दुसऱ्या पोत्याकडे बोट दाखवलं. शेंगदाणे तळहातावर चोळून फुंकर मारली, साल उडालं ते बघितलं, मग एक खाल्ला. कोलम तांदूळ मुठीत घेऊन वास. रवा मला म्हणाले, "टॉर्च लाव फोनची," आणि त्या उजेडात बोटाने रव्यात रेघ ओढून वाट बघितली. मी विचारलं, काय बघताय? "हलतंय का काही." गूळ पिवळाधमक नको, काळपट दे. मग डायरी काढली. मे महिन्यानंतरची पानं कोरी होती. त्यांनी तारीख घातली, भाव लिहिले. वाणी भाव सांगतो आणि बाबा हूं म्हणतात, यात मला इतकी वर्षं नुसती घासाघीस दिसायची. तिथे उभं राहिल्यावर वेगळं दिसलं. त्या अर्ध्या तासात त्या दुकानात कुणीतरी त्यांना काहीतरी विचारत होतं. एक नवीन लग्न झालेली मुलगी होती, तिने विचारलं, "काका, पुरणाला कुठली डाळ घेऊ?" बाबांनी तिला पाच मिनिटं सांगितलं. घरात त्यांना शेवटचं काय विचारलं होतं मी? 'औषध घेतलं का?'

आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. या चारही गोष्टींत मी काठोकाठ पास होतो.

भाजी घेतली. भेंडीचं टोक मोडून बघणं वगैरे झालं. परत निघताना स्टेशनच्या बाजूला आलो आणि गाडीजवळ बाबांची चाल आपोआप हळू झाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, म्हणून मीच म्हटलं, "एक घेऊ. दोघांत."

वडापावची सुरुवात १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली असं सांगतात. बाबा तेव्हा तेरा वर्षांचे. त्यांच्या पिढीसाठी हे 'जंक फूड' नव्हतं. पहिली पाळी आणि घर यांच्या मधला तो घास होता. आमच्या लहानपणी पगाराच्या दिवशी ते भांडुप स्टेशनवरून वडापाव आणायचे, वर्तमानपत्रात बांधलेले. चार माणसांत दोन. मी आणि ताई भांडायचो, तुझा मोठा, माझा छोटा. त्यावर बाबांनी नियम केला होता: एकाने तोडायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. मग काय, तोडणारा जीव ओतून तोडायचा. वडा पावातून सटकू नये म्हणून पाव उलटा धरायचा, दोन्ही अंगठे मधोमध आणि हलकेच पीळ द्यायचा. कॉलेजात एका इलेक्टिव्हमध्ये वाटणीच्या अल्गोरिदममध्ये हाच नियम समोर आला, तेव्हा मला प्रोफेसरना सांगावंसं वाटलं होतं की हे आमच्या बाबांनी आठवी पास असून केलंय.

गाडीपाशी बाबांनी वडापाव हातात घेतला, उलटा केला, पीळ दिला आणि दोन्ही तुकडे कागदावर ठेवून कागद माझ्यापुढे धरला. नियमाप्रमाणे. त्यांनी तोडलं, मी उचलायचं.

मला तो तुकडा लवकर उचलता येईना. चार महिने या माणसाच्या ताटात काय पडणार ते मी ठरवलं, आणि त्यातलं किती खायचं तेही मीच. कुठला वाणी, कुठली डाळ, बाहेर जायचं की नाही, गेलं तर पैसे कशावर खर्चायचे. तोडणारा मी आणि उचलणाराही मीच. ज्यांनी हा नियम शिकवला त्यांच्याच बाबतीत तो मोडला, आणि वर त्याला सेवा म्हणत होतो. पुंडलिकाने आईवडिलांसाठी देवाला विटेवर थांबवलं. मी वडिलांना कॉल संपेपर्यंत थांबवायचो. श्रावणबाळाच्या गोष्टीतही आपण खांद्यावरची कावड तेवढी लक्षात ठेवतो. कावड कुठे न्यायची ते आईवडिलांनी सांगितलं होतं, त्यांना तीर्थयात्रा करायची होती. श्रावणाने त्यांच्या तब्येतीला मानवेल असं जवळचं ठिकाण निवडलं नव्हतं.

म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं आपण सहज बोलून जातो. मला आता ते पटत नाही. मुलीला मी चॉकलेट नाकारतो, कारण दात किडणं म्हणजे काय ते तिला अजून माहीत नाही. बाबांना सगळं माहीत आहे. रिपोर्ट त्यांनी चष्मा लावून माझ्याआधी वाचला होता. पायाला मुंग्या त्यांच्या येतात. आपल्या उरलेल्या वर्षांचं काय करायचं याचा विचार त्यांनी केलेला असेल, नसेल, पण तो करायचा हक्क त्यांचाच आहे. आणि तरीही हे लिहिताना मला धाकधूक आहेच. साखर उपनिषद वाचत नाही. डिसेंबरात पुन्हा तपासणी आहे. आकडा नऊवर गेला तर मी काय करेन? उद्या त्यांना खरंच आठवेनासं झालं, गोळी घेतली की नाही, जेवलो की नाही, तर तोडणं आणि उचलणं दोन्ही माझ्याकडे येईल, आणि ते मला घ्यावं लागेल. तो दिवस आज आलेला नाही. मी चार महिने तो आल्यासारखा वागत होतो.

मी छोटा तुकडा उचलला. बाबा म्हणाले, "तो का? मोठा घे, नियम आहे." म्हटलं, "सारखेच आहेत." ते हसले. ते सारखे नव्हते, त्यांचे अंगठे आता पूर्वीसारखे चालत नाहीत.

त्या रात्री मी जेवताना मुलीला सांगितलं, सगळ्यांसमोर, जिथे बोललो होतो तिथेच: "आजोबांनी विष खाल्लं नव्हतं. बाबा चुकीचं बोलला." तिने विचारलं, "मग काय खाल्लं?" बाबा म्हणाले, "वडापाव." ती म्हणाली, "मला का नाही आणला?"

आता शनिवार ठरलेला आहे. ॲप फोनवर आहे, पावसापाण्याला लागतं. खात्याचे मेसेज मात्र मी बंद केले. आधी बाबांना विचारलं, ते म्हणाले, "राहू दे की, फसवणूक झाली तर?" मग पाच हजारांवरचेच मेसेज चालू ठेवले. हे त्यांनी ठरवलं.

परवाच्या शनिवारी तोडायची पाळी माझी होती. मी पाव उलटा धरला, पीळ दिला, तरी वडा एका बाजूला जास्त गेला. कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दोन्ही तुकडे तूरडाळ बघावी तसे नीट बघितले, मोठा उचलला आणि गाडीवाल्याला म्हणाले, "एक मिरची जास्त दे रे."

मिरचीबद्दल डॉक्टरांशी अजून बोलणं झालेलं नाही.

उद्या आठवा अनुवाक. राम कृष्ण हरी.